चंद्र बघण्याचं निमित्त

४ फेब्रुवारी

आज भर व्याख्यानात माझी फजिती झाली, आणि तीही गाजरावरून.

विषय नेहमीचाच होता, माळी आणि राजकन्येचं जुनं काव्य. या काव्यावर मी वीस वर्षं पुस्तक लिहितो आहे. पुरं होईल तेव्हा होईल. शेवटी मी म्हणालो की जुन्या पोथ्यांतली चित्रं सुंदर असतात खरी, पण टीकाकाराने त्यांच्या नादी लागू नये. काव्य म्हणजे पुलाव, चित्र म्हणजे त्यावर पेरलेलं गाजर. लोक हसले. या वाक्याला समरकंदमध्ये दर वर्षी लोक हसतात.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. राखाडी शाल, बोटांना निळा रंग लागलेला. "डोमला," त्या म्हणाल्या (आमच्याकडे प्राध्यापकाला असंच म्हणतात), "तुम्ही स्वतः कधी पुलाव शिजवलाय?"

मी म्हणालो, आमच्या घरी माझी बहीण शिजवते.

"तरीच. तुम्ही फक्त ताट बघता, कढई बघत नाही. गाजर आधी पडतं, तांदूळ नंतर. गाजर काढून टाका, मग उरतो नुसता भात. तो आमच्याकडे पोट बिघडलेल्या माणसाला देतात."

सगळं सभागृह हसलं. आमचे विभागप्रमुख फझलिद्दीन डोमला तर इतके हसले की त्यांना कवळी सावरावी लागली. बाईंचं नाव मुनव्वरा. संग्रहालयात पोथ्यांमधल्या चित्रांचा विभाग त्या सांभाळत होत्या. तो बंद झाल्यापासून स्वतःचं काम करतात, म्हणजे चित्रं काढतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे इथे तरी कबूल करतो.

घरी येऊन बहिणीला, हुर्रियतआपाला, विचारलं. ती म्हणाली, "बरोबर बोलली बाई." मग थोड्या वेळाने, "घरी कोण कोण असतं तिच्या?"

मला काय करायचंय!

७ फेब्रुवारी

वरून बोलावणं आलं. टीकाशास्त्राला विद्यार्थी उरले आहेत बोटावर मोजण्याइतके. २१ मार्चच्या नवरोजच्या आत विद्यापरिषदेपुढे काहीतरी नवा अभ्यासक्रम मांडा, नाहीतर विभाग पर्यटनाला जोडतो, असं सांगितलं. म्हणजे उरलेलं आयुष्य मी परदेशी लोकांना स्वच्छतागृहाची वाट दाखवण्याचं शास्त्र शिकवणार.

फझलिद्दीन डोमला म्हणाले, "त्या गाजरवाल्या बाईंना बरोबर घे. 'शब्द आणि चित्र' असा अभ्यासक्रम करा दोघं."

मी म्हणालो, त्याआधी माझ्या प्रेतावरून जावं लागेल. पायऱ्या उतरेपर्यंत वाटायला लागलं की नाव काही वाईट नाही.

१२ फेब्रुवारी

मुनव्वराची खोली जुन्या मदरशाच्या आवारात आहे. आवारात बर्फ वितळून चिखल झाला होता, बूट पार गेले. अभ्यासक्रमाच्या कामासाठी आलो आहे हे मी दारातच दोनदा सांगितलं.

तिने चहा ओतला आणि माझ्यापुढे नेमकं तेच चित्र ठेवलं ज्याला मी छापील लेखात 'चित्रकाराची ढोबळ चूक' म्हटलं आहे. काव्यात राजकन्या खिडकीत उभी राहून रात्रभर चंद्र बघते. भिंतीपलीकडचा माळी तिच्यावर जीव टाकतो, पण तिला ते शेवटच्या सर्गापर्यंत कळत नाही. माझं सगळं पुस्तक या 'कळत नाही'वर उभं आहे. चित्रात मात्र माळी भिंतीपाशी पाण्याचा पाट काढतोय, आणि मधोमध सरूच्या झाडाला बदामाची फुललेली फांदी बिलगली आहे. आमच्याकडचा कोणताही जुना चित्रकार ही दोन झाडं अशी एकत्र काढतो तेव्हा अर्थ एकच असतो. तिथे प्रेम आहे, आणि ते दोन्हीकडून आहे. म्हणून मी लिहिलं होतं की या माणसाने काव्य वाचलेलंच नाही.

"वाचलं नाही?" ती म्हणाली. "एकेक ओळ त्याने चौकटीत बसवलीय, डोमला. या काव्यावर पहिली टीका कोणी लिहिली असेल तर याने. तुम्ही त्याच्या मागून शतकांनी आलात. त्याने शाईऐवजी रंगाने लिहिली, एवढंच."

"टीका म्हणजे मत, आणि मताला पुरावा लागतो."

"मग शोधू की. माळी कुठे पळून चाललाय?"

मी शब्दापलीकडे न बघणाऱ्या पंथाचा माणूस. माझ्या गुरूंनी शिकवलं होतं की कवीने लिहिलं तेवढंच खरं, बाकी सगळी कावकाव. पण ही बाई चित्राला प्रश्न विचारते तेव्हा ते उत्तर देतं. चित्रकाराने कोणता क्षण निवडला? काव्यात नसलेल्या कोणाला आत आणलं? असलेल्या कोणाला बाहेर ठेवलं? तिचं म्हणणं, त्याची टीका एवढ्यातच असते, फक्त वाचता आली पाहिजे. माझं म्हणणं मी राखून ठेवलं आहे.

छत्री तिथेच विसरलो. उद्या आणायला जावं लागेल.

१३ फेब्रुवारी

छत्री आणायला गेलो. आणायची राहिली.

१९ फेब्रुवारी

आज मोठं भांडण झालं. फार मजा आली.

मुनव्वरा म्हणत होती की राजकन्येने खिडकी माळ्यासाठी उघडली. मी तिला मूळ ओळ काढून दाखवली. खिडकी संध्याकाळपासूनच उघडी आहे, उकाड्यामुळे दासीने उघडलेली. तिने ओळ पुन्हा वाचली, कपाळावर हात मारला आणि मोकळं हसली. "हरले! लिहा तुमच्या पुस्तकात, मुनव्वरा हरली." माझ्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत कुठल्याही विद्वानाने असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आम्ही लोक हरलो की तळटीप लिहितो.

जिंकल्याचा आनंद झाला, पण त्याहून जास्त तिच्या हसण्याचा झाला. शास्त्रीय चर्चेचा दर्जा उंचावतो म्हणून असेल.

मग मीच एक गोष्ट पाहिली. (मी पाहिली हे नोंदवून ठेवतो.) चित्रात सगळं उजेडात आहे. मेणबत्ती आणि चंद्र दिसला की रात्र समजायची ही जुन्यांची रीत. तर या चित्रकाराने चंद्र कुठे ठेवला आहे? बरोबर माळ्याच्या खांद्यावर. कवी म्हणतो ती चंद्राकडे बघत होती. चित्रकार म्हणतो, हो, चंद्राकडेच. एक अक्षरही त्याने खोटं पाडलेलं नाही. फक्त चंद्राखाली कोण उभं आहे ते दाखवलं.

मी हे मोठ्याने बोललो, आणि माझ्या पुस्तकाची चार प्रकरणं त्या क्षणी कोसळली. मुनव्वराने चित्र स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, "बिचारी रोज रात्री चंद्र बघायला येते. घरच्यांनाही तेच सांगत असेल."

"पण स्वतःला तरी ठाऊक असेल ना?" मी विचारलं.

"काहींना नसतं," ती म्हणाली. "काही लोक वर्षानुवर्षं नुसता चंद्रच बघायला येतात."

याचा अर्थ नीट लागला नाही. या महिन्यात आकाश सारखं ढगाळ आहे.

२३ फेब्रुवारी

नवी टोपी घेतली. जुनी विटली होती. आपा म्हणते, ती सहा वर्षांपूर्वीच विटली होती, तुला आज दिसली. आपाचा स्वभाव अलीकडे फार खोचक झाला आहे.

२६ फेब्रुवारी

वाईट बातमी. मुनव्वराला ताश्कंदच्या एका कलाशाळेतून बोलावणं आहे. इथे काही जमलं नाही तर नवरोज झाला की ती जाणार. तिने हे बदाम फोडता फोडता सहज सांगितलं, मीही 'असं होय' म्हणून सहज ऐकलं.

विभागाचं काय होणार या काळजीने जेवण गेलं नाही. आपाने मटणाचे समोसे केले होते, माझे आवडते. ती ताटाकडे बघून म्हणाली, "विभागाची काळजी का?" आणि आत गेली. आतून हसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला.

२ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

विद्यापरिषदेपुढे यायला मुनव्वराने अजून पक्का होकार दिला नव्हता. फझलिद्दीन डोमला चहाला आले होते, त्यांच्यासमोर मी हे बोललो तर आपा म्हणाली, "ते माझ्यावर सोड. मी आणि फझलिद्दीन डोमला जाऊन तिच्या भावाशी बोलतो. तू घरी थांब."

"मी घरी थांबू? तुम्ही दोघं काय बोलणार?"

"जे बोलायचं ते बोलू. तू तिथे बरा दिसत नाहीस."

"पण काम माझं आहे!"

आपाने फझलिद्दीन डोमलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "येऊ दे गं त्याला. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं, तेही पाहून होईल."

म्हणून आम्ही तिघं गेलो. डोमलांनी लग्नकार्यात घालतात तो रेशमी पट्ट्यांचा झगा घातला होता. गारठा होताच. आपाच्या हातात पांढऱ्या कापडात बांधलेल्या नान, खडीसाखर आणि पांढऱ्या मिठाया. रिकाम्या हाताने जायचं नाही हा तिचा नियम. फाटकाशी केरसुणी दिसली तर तिने चक्क उंबऱ्यापुढची जागा झाडली. माझ्या बहिणीला दुसऱ्याच्या दारातला केरसुद्धा बघवत नाही.

मुनव्वराचा भाऊ शोकिर दातांचा डॉक्टर आहे. मला आत येताना बघून तो दारातच थबकला. मग बसल्यावर त्याने एकेक विचारायला सुरुवात केली. वय किती, तब्येत कशी, घर स्वतःचं आहे का, पिण्याची सवय? पहिली पत्नी कधी वारली? मुलगी कुठे असते? मी सगळ्याची नीट उत्तरं दिली. बहीण कोणाबरोबर काम करणार आहे याची चौकशी भावाने करावी, यात गैर काय? आमच्या विद्यापीठाने नेमणुका करताना इतकी काळजी घेतली असती तर आज ही वेळ आली नसती.

आपा सारखी माझ्या पायाला पाय लावत होती, पण मूळ विषय कोणीच काढेना. शेवटी मीच काढला. सरू आणि बदाम, क्षणाची निवड, चंद्राची जागा, चित्रकार हा काव्याचा पहिला वाचक कसा, सगळं समजावून सांगितलं. शोकिरची बायको तोंडात ओढणी कोंबून स्वयंपाकघरात पळाली. दातांच्या डॉक्टरच्या घरात दातदुखी, नशीब एकेकाचं.

शोकिरने आपाला हळूच विचारलं, "हे नेहमीच असे?"

"लहानपणापासून," आपा म्हणाली. "पण मनाचा सोन्यासारखा आहे."

मुनव्वरा बाहेर आलीच नाही. फक्त एकदा पडद्याआडून चहाची किटली पुढे झाली. बोटांना निळा रंग होता.

"घरात विचारून सांगतो," शोकिर म्हणाला. "पुन्हा या."

"येऊ की," फझलिद्दीन डोमला म्हणाले. "उंबरा झिजवायलाच तर आलोय." आणि त्यांनी दोन्ही तळहात वर करून प्रार्थना म्हटली. एका अभ्यासक्रमासाठी इतकी मनापासून केलेली प्रार्थना मी आजवर ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले.

५ मार्च

काय लिहू?

मदरशात गेलो. मुनव्वरा रंग घोटत होती. मान वर न करता म्हणाली, "शोकिर अजून हसतोय. मागणी घालायला आलेल्या मंडळींबरोबर नवरदेव स्वतः येऊन बसलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता. आणि वर सरूच्या झाडावर व्याख्यान!"

माझ्या हातातला पेला खाली पडला. फुटला नाही. फुटला असता तर निदान तो गोळा करण्यात वेळ गेला असता.

लग्नविधींतल्या लोकगीतांवर माझा लेख आहे. दारं झाडणं, पांढरं कापड, खडीसाखर, पुन्हा या म्हणणं, प्रत्येकावर परिच्छेद आहे. विद्यार्थी तो पाठ करतात. आणि मी त्या सगळ्याच्या मधोमध बसून पिण्याची सवय नाही असं सांगून आलो! पण मला तरी कसं सुचावं? नवरदेव कधी बरोबर जात नाही. मी गेलो होतो, म्हणजे ती मागणी असूच शकत नव्हती.

हे मी तिला असंच समजावलं. म्हणालो, गैरसमज झाला, आपाने परस्पर केलं, मी शपथेवर सांगतो मी फक्त अभ्यासक्रमासाठी आलो होतो.

ती हसत होती ती थांबली. "फक्त?"

"फक्त," मी म्हणालो.

"बरं. तसं शोकिरला सांगते. ताश्कंदच्या लोकांना मी थोडं थांबा म्हणाले होते, त्यांनाही कळवते."

विद्यापरिषदेचा निर्णय यायच्या आधीच तिने त्यांना का थांबवलं होतं, हे मला समजलं नाही. तिने पुन्हा रंग घोटायला घेतला. मी छत्री घेऊन आलो.

घरी आपावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. महिनाभर बघतेय मी. मला वाटलं, तुला जमत नाही तर मी मागावं."

८ मार्च

आज बायकांचा दिवस. विभागातल्या सगळ्या जणींना ट्यूलिप दिली. एक गुच्छ उरला. मोजण्यात चूक झाली असेल. बादलीत ठेवला आहे. आपा बादलीजवळून जाताना दर वेळी खोकते.

१४ मार्च

अभ्यासक्रम मंजूर झाला!

मी चांगला बोललो. सरू, बदाम, खांद्यावरचा चंद्र सगळं मांडलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझा जुना लेख चुकीचा होता, चूक चित्रकाराची नव्हती, माझी होती. मग टाळ्या. विभाग वाचला. पर्यटनवाले तोंड आंबट करून बसले होते.

फक्त एक बदल केला. बाहेरचा शिक्षक नेमायची सोय नाही. चित्रं मीच पडद्यावर दाखवावीत, मला आता ती वाचता येतात, असं अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले, माझी पाठ थोपटली.

मला आनंद व्हायला हवा. वीस वर्षांत असं यश मिळालं नाही. घरी येऊन जेवलो, पुस्तक उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. विभाग वाचला, अभ्यासक्रम माझा झाला, आणि मला त्याचं काही म्हणजे काहीही वाटत नाही. मग मी महिनाभर कशासाठी धावत होतो?

हे वाक्य लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. माणूस दुसऱ्याचं काव्य वीस वर्षं वाचतो आणि स्वतःची एक ओळ त्याला लागत नाही! मूर्ख आहे मी. चंद्र नव्हताच तो.

१५ मार्च

सकाळी उठून सरळ मुनव्वराच्या घरी गेलो. टोपी घालायचीही विसरलो. रस्त्याकडेचे बदाम फुलले होते, केव्हा फुलले कोण जाणे.

तिनेच फाटक उघडलं. मागे अंगणात अर्धी भरलेली पेटी दिसत होती, रंगांच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या.

"ऐकलं मी. अभिनंदन, डोमला," ती म्हणाली. "भर सभेत चूक कबूल केलीत म्हणे. शोकिरच्या पेशंटने सांगितलं."

"हो."

"आता अजून काय राहिलं? कुठलं चित्र हवंय?"

"चित्र नको."

"मग ओळ अडलीय?"

"नाही."

"काम काय आहे?"

"काही काम नाही," मी म्हणालो. "अभ्यासक्रमाचं काम संपलं. छत्री माझ्या घरी आहे. मला काहीही काम नाही, मुनव्वरा. तू जाऊ नयेस म्हणून आलोय."

आयुष्यात मी इतकं छोटं व्याख्यान दिलेलं नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे आधी हसले, तोंड नंतर. आणि एकदम कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही पुन्हा स्वतःच आलात?"

मला काही कळेना.

"लोकगीतांवर लेख लिहिलाय ना? नवरदेव येत नसतो! लोक काय म्हणतील, शोकिरची बायको आता खरंच हसून हसून मरेल. चला, व्हा मागे. घरी जा आणि आपांना पाठवा. आणि या वेळी कृपा करून घरातच बसा."

तिने फाटक लावून घेतलं. आतून पेटी उलटी केल्याचा आणि बाटल्या फरशीवर मांडल्याचा आवाज आला.

मी घरी आलो ते जवळजवळ पळतच. या वयात! भाजीवाला उस्मोन ओरडला, "डोमला, आग लागली का?" मी म्हणालो, "हो!"

१६ मार्च

घरात बसलो आहे.

आपा आणि फझलिद्दीन डोमला सकाळीच गेले. डोमलांनी पुन्हा तोच रेशमी झगा घातला होता. जाताना आपाने मला कोंडूनच ठेवायचं मनात आणलं होतं, पण मी शब्द दिला. चहा केला, प्यायचा विसरलो. हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून कागद ओढले आणि लिहीत सुटलो. मी खूश आहे. मी भीतीने अर्धमेला झालो आहे आणि मी खूश आहे. हे दोन्ही एकत्र होतं असं मी कितीतरी कवितांच्या टिपांत लिहिलं आहे, खरं निघालं.

फाटक वाजलं.

आपा आत आली. गाल लाल, ओढणीला खडीसाखर चिकटलेली. माझं तोंड दोन्ही हातांत धरून तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला, लहानपणी घ्यायची तसा. "हो म्हणाली," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडलो. डोमला दारात उभे राहून कवळी सावरत होते.

मग आपाने डोळे पुसले. "एक अट घातलीय मात्र."

"कोणतीही मान्य आहे!"

"आधी ऐक तर. लग्नात तू भाषण करायचं नाहीस."

मी टेबलावर लिहून ठेवलेल्या कागदांकडे पाहिलं. आपानेही पाहिलं.

"मान्य," मी म्हणालो, आणि कागद घडी करून खणात ठेवले. पुस्तकाच्या प्रस्तावनेला चालतील.